‘आइ’ म्हणजे प्रेम

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी सांगायला घेतलं आणि नेमकी रेंज गेली, म्हणून लिहूनच कळवते. आई, तू विचारलं होतंस ना, तिकडे जपानमध्ये प्रेमाला काय म्हणतात? ‘आइ’ म्हणतात. खरंच सांगते. जपानीत ‘आइ’ आणि चिनीतही ‘आइ’, फक्त चिनीत सूर वरून झपकन खाली आणायचा. शब्द मूळचा चीनचा, जपानने तो अक्षरासकट घेतला. भाषेच्या वर्गात बाईंनी तो फळ्यावर लिहून मोठ्यानं म्हणून दाखवला, तेव्हा घर सोडून मला तीनच आठवडे झाले होते. मी खाली मान घालून वही चाळत बसले.

बाबा, तुम्ही जन्मभर पोरांना अक्षरं गिरवायला लावलीत, म्हणून सोबतच्या कागदावर ते काढून पाठवतेय. तेरा रेघा आहेत. मधोमध चार रेघांचं छोटं अक्षर दिसेल, ते म्हणजे काळीज. 1956 साली चीनने अक्षरं सोपी करायची योजना काढली. तेव्हा लपेटी हस्ताक्षरातलं दहा रेघांचं रूप घेतलं आणि त्यात मधलं काळीज गेलं. तैवान, हाँगकाँगमध्ये अजून जुनंच लिहितात. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण चीनमधल्या सिच्वानची आहे. तिच्या कागदावर काळीज नाही, माझ्या कागदावर आहे. ती म्हणते, आमच्या अक्षरात खाली ‘मित्र’ बसलाय तो बघ. तेही मला आवडलं. कागदामागे तिचं अक्षरही तिच्याकडूनच काढून घेतलंय.

पण एवढं सुंदर अक्षर असून हा शब्द इथे सहसा कुणी तोंडातून काढत नाही. ‘आइशितेरु’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते गाण्यात ऐकू येतं, घरात क्वचित. तरुण मुलं ‘सुकी’ म्हणतात, आवडतोस, आवडतेस, एवढंच. पोरं झाली की कितीतरी घरांत नवरा-बायको एकमेकांना आई, बाबा अशाच हाका मारतात. आई, तूही बाबांना ‘अहो’च्या पुढे काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. इथल्या गुन्मा भागात त्सुमागोई नावाचं कोबी पिकवणारं गाव आहे. तिथे एक कार्यक्रम होतो, नवरे कोबीच्या शेतात उभे राहून बायकोवरचं प्रेम ओरडून सांगतात. घरात जीभ रेटत नाही, म्हणून रान गाठतात. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात एक आजोबा रोज दुपारी बायकोला भेटायला येतात. आजींना आता ते कोण हे आठवत नाही. आजोबा खुर्ची ओढून बसतात, खिशातून रुमालात गुंडाळलेलं काकी काढतात. हे फळ टोमॅटोएवढं, केशरी असतं. साल एकाच लांब पट्टीत सोलतात, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करतात आणि प्रत्येक फोड आधी स्वतःच्या दातांनी जरा चावून बघतात. कडक निघाली तर स्वतः खातात, मऊ असेल तर दुसरा तुकडा कापून आजींच्या ओठांपाशी नेतात. तासाभरात दोघांत चार शब्दही होत नाहीत. उठताना मात्र न चुकता म्हणतात, “माता कुरु यो.” पुन्हा येतो गं.

आता खरं सांगायचं ते. जुन्या जपानीत ‘कानाशी’ असा एक शब्द होता. त्याचा एक अर्थ दुःखी, आणि दुसरा अर्थ लाडका, जिवापाड आवडणारा. एकाच शब्दाचे दोन्ही. आजच्या जपानीत त्याचं ‘कानाशिइ’ झालं आणि नुसतं दुःख उरलं. पण ओकिनावा बेटांवरच्या बोलीत ‘कानासान’ म्हणजे अजूनही माया, लाडकेपणच. हे वाचलं त्या रात्री मी मैत्रिणीला सांगितलं, तर ती ताडकन उठून बसली. म्हणाली, आमच्याकडे ‘थंग’ आहे! दात थंग करतो, म्हणजे ठणकतो. डोकं थंग करतं. आणि आजी नातवाला थंग करते, म्हणजे त्याच्यावर जीव टाकते. त्याच्यापुढे ‘शिन’, म्हणजे काळीज, लावलं की ‘शिन्थंग’. पोरगं दमून आलं, उपाशी राहिलं, की आईला जे होतं ते. तिला नीट शब्द सापडेना, म्हणून छातीवर मूठ दाबून दाखवत होती. मला शोधावाच लागला नाही. जीव तुटतो, आई. पोटात तुटतं. कळवळा या शब्दातच कळ आहे की! आपण तिघी शेजारणी असतो तर एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नसतं.

मैत्रिणीची आई दर व्हिडिओ कॉलला पहिलं वाक्य बोलते, “शौ ल.” वाळलीस. दुसरं, जेवलीस का? तिसरं, अंगात जाड काहीतरी घाल. मी ते पाठीमागून ऐकते. मागच्या महिन्यात बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत, “वाळलीस का गं?” आणि मी चिडून म्हणाले, रोज तेच तेच काय विचारता. तुम्ही गप्प झालात आणि फोन आईकडे दिलात. ते माझ्या मनातून जात नाहीये. बाबा, माझं चुकलं. तुम्ही विचारत जा. मी दीड किलोनं उतरले होते, रात्रपाळ्या जास्त लागल्या होत्या. आता नीट जेवते, भात रोज असतो, आईनं दिलेलं मेतकूट पुरवून खाते.

अजून एक शब्द आहे, ‘आमाए’. आपल्या माणसाच्या मायेवर हक्कानं भार टाकायचा, हट्ट करायचा, आपलं करून घ्यायचं. ताकेओ दोई नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं 1971 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. मूळ धागा ‘आमाइ’, म्हणजे गोड. आपलं लाडात येणं ते हेच. दिवाळीत रजा मिळाली की मी हेच करायला येणार आहे. आई, अनारशांचं पीठ आधीच घालून ठेव.

निघताना घाईत मी “चला, जाते” म्हणाले होते, आठवतं? रिक्षा सुरू झाली होती. तू मला खाली उतरवलंस, उंबऱ्यापर्यंत परत नेलंस आणि “येते” म्हणायला लावलंस. इथे घरातून बाहेर पडणारा म्हणतो “इत्तेकिमासु”, जाऊन येते. आणि घरातला म्हणतो “इत्तेराश्शाइ”, जाऊन ये. लहान पोर शाळेत जाताना, म्हातारा भाजी आणायला जाताना, सगळे हेच म्हणतात. आश्रमातल्या एक्याण्णव वर्षांच्या आजींना माझं नाव येत नाही, पण पाळी संपवून निघाले की त्या हात वर करून म्हणतात, “इत्तेराश्शाइ.” रोज. मी दारापाशी थांबून, पूर्ण वाकून उत्तर देते.

सात वाजले, रात्रपाळीला निघायला हवं. बाबा, गुडघ्याला तेल लावून घेत जा. आई, बीपीची गोळी चुकवू नकोस.

येते.

तुमची,
मनू