रेश्माच्या व्रतांबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

रेश्मा सिस्टर व्हायला निघाली म्हटल्यावर घरात प्रश्नांची रीघ लागणारच. फोनवर एकाचं उत्तर देते तोवर दुसरा येतो, शेवटी मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ची कॅनन लॉची संहिता, आणि आपल्या देशाचा कायदा ह्या दोन्हींत काय आहे तेवढंच लिहिते. भावनेचं आपण समोरासमोर बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे ती एका दिवसात ‘जात’ नाही. आधी उमेदवारीचा काळ असतो, त्याचा अवधी प्रत्येक संघ, म्हणजे सिस्टरांची संस्था, आपापला ठरवतो. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ. ते किमान १२ महिन्यांचं असावंच लागतं आणि एरवी २ वर्षांपलीकडे नेता येत नाही. अनेक संघ दोन वर्षंच ठेवतात. शेवटी वरिष्ठांना शंका वाटली तर फार तर सहा महिने वाढवतात. त्यानंतर गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं पहिल्यांदा होतात, तीही तात्पुरती. किमान ३ वर्षं, साधारण ६ वर्षांपर्यंत, आणि अगदी अपवाद म्हणून ९ वर्षांपर्यंत. अनेक ठिकाणी दरवर्षी ती नव्याने घेतात. त्यानंतर कायमची व्रतं. रेश्मा आज चोवीस वर्षांची आहे, म्हणजे तिथवर पोहोचेपर्यंत तिने तिशी ओलांडलेली असेल. लग्नाच्या बाबतीत आपल्याकडे एवढी सवड कोण कोणाला देतं, सांगा!

सगळ्यात कडक असतं ते नोव्हिशिएटमधलं सक्तीचं एक वर्ष. आई, ‘गणपतीच्या सुट्टीत येईल ना?’ असं तू विचारलंस. त्या वर्षी नाही येणार. ते १२ महिने नोव्हिशिएटच्या घरातच काढायचे असतात. मधली गैरहजेरी सगळी मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त झाली तर अख्खं नोव्हिशिएट बाद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त झाली तर तेवढे दिवस भरून द्यावे लागतात. तेव्हा कोणी आजारी पडलं, दवाखान्यात दाखल झालं, तर ती येऊ शकते, दार काही बंद नसतं. पण दिवस मोजले जातात. बारसं, साखरपुडा, वाडीतलं लग्न ह्यासाठी तिला बोलावण्याचा आग्रह धरू नका. नाही म्हणताना तिलाच त्रास होईल. फोन कधी, किती वेळ, पत्रं कशी, हे प्रत्येक संघाचं वेगळं. ते आधीच विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता पैशाचं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

गरिबीचं व्रत म्हणजे तिच्या नावावर काही राहतच नाही, असं सरसकट नसतं. शाळा, दवाखाने चालवणाऱ्या बहुतेक संघांत सिस्टरची स्वतःची मिळकत तिच्याच नावावर राहते. पण पहिल्या व्रतांआधी तिला त्या मिळकतीचा कारभार दुसऱ्या कोणाकडे सोपवावा लागतो आणि उत्पन्न कोणी वापरायचं तेही ठरवावं लागतं. कोणाकडे सोपवायचं हे तिनेच ठरवायचं, संघाने नाही. कायमच्या व्रतांआधी तिने मृत्युपत्र करायचं आणि ते आपल्या देशाच्या कायद्यातही टिकायला हवं. म्हणजे तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. काही संघांत, विशेषतः बंदिस्त मठांत, कायमच्या व्रतांआधी सगळ्याच मिळकतीवर पाणी सोडावं लागतं. रेश्माचा संघ कोणत्या प्रकारचा आहे, हे तिला पहिल्याच भेटीत विचारायला सांगा.

व्रतांनंतर ती जे कमावेल ते मात्र संघाचं. पगार, पेन्शन, विमा, सगळं. उद्या ती अनुदानित शाळेत शिक्षिका झाली तर पगार तिच्या नावाने निघेल, टीडीएसही कापला जाईल आणि उरलेला पैसा संघाच्या खात्यात जाईल. हा पगार संघाचा, मग कर कशाला, असा वाद बरीच वर्षं कोर्टात चालला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाली काढला आणि कर कापायचा असंच ठरलं. तेव्हा पॅन, आधार काही रद्द करायचं नाही. संघात नवं नाव घेतलं तरी कागदोपत्री जुनंच नाव राहू दे. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, असं झालं की बी.एड.च्या प्रवेशापासून पीएफपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडतं.

बाबा, तुम्ही म्हणालात की पलीकडच्या वाडीतल्या फादरांनी तर गाडी घेतली, मग हिलाच दारिद्र्य का? ते धर्मप्रांताचे, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचे, फादर आहेत. ते ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, गरिबीचं व्रत घेत नाहीत. त्यांचा पैसा त्यांचा. जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघांतले फादर व्रत घेतात. दोघांचा झगा सारखाच दिसतो, त्यामुळे लोकांचा घोळ होतो.

सोन्याचं म्हणाल तर जुन्या १९१७च्या संहितेत मठात जाणाऱ्या मुलीसोबत हुंडा द्यायची तरतूद होती. ती मठ सोडून निघाली तर तो परतही मिळायचा. आता तशी अट नाही. तिच्यासाठी ठेवलेल्या पाटल्या-बांगड्या घरातच राहू द्या. संघाला काही द्यायचंच असेल तर खुशीने द्या, रोख नको, पावती घ्या.

दादाने हक्कसोडपत्राची गोष्ट काढली आहे. त्यात त्याचा वाईट हेतू नाही हे मला माहीत आहे, पण ते आत्ता होतच नाही. वाडीची जमीन आणि घर बाबांच्या नावावर आहे आणि आपल्यात, ख्रिस्ती कायद्यात, मुलांना जन्मतः हक्क मिळत नाही. बाबा हयात असताना रेश्माकडे आहे ती फक्त पुढे मिळण्याची शक्यता. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की अशी शक्यता कोणाच्या नावे करता येत नाही. आज तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंत तर त्या कागदाची किंमत स्टॅम्पच्या पैशापुरतीसुद्धा नाही. उलट, जाता जाता मुलीकडून सही घेतली हे मात्र तिच्या मनात राहील. सिस्टर झाल्याने तिचा वारसाहक्कही आपोआप जात नाही. मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आईला एक तृतीयांश आणि उरलेलं आम्हा तिघांत सारखं, म्हणजे प्रत्येकाला दोन नवमांश. मुलगा-मुलगी फरक नाही. हे तसं नको असेल तर उपाय सरळ आहे. बाबा, तुम्ही स्वतःचं मृत्युपत्र करा. कोणाला काय, हे तुमच्या हातात आहे आणि तिच्या सहीची गरजच पडत नाही.

ब्रह्मचर्याबद्दल मी थोडंच लिहिते, कारण त्यावर बाहेरच्यांनीच जास्त बोलावं अशी आपल्याकडे रीत झाली आहे. कायमच्या व्रतांनंतर चर्चमध्ये तिचं लग्न वैध होत नाही. नुसता रजिस्टर विवाह केला तरी ती संघातून आपोआप बाहेर पडते. पण खरी झीज लग्नाच्या वयात होत नाही. तेव्हा सोबतच्या मैत्रिणी असतात, उत्साह असतो. चाळिशीत, भावंडांची मुलं मोठी झालेली असतात आणि आपली अशी हक्काची चार माणसं नाहीत असं वाटू लागतं, तेव्हा ती सुरू होते. तिथे घरच्यांचा उपयोग होतो. वाढदिवसाला फोन, घरातल्या निर्णयांत तिचं मत, एवढंही पुरतं. ‘तिला काय त्याचं, ती देवाची झाली’ असं म्हणून तिला वगळत जातात, ते थांबवा.

आज्ञापालन मला तिन्ही व्रतांत सगळ्यात अवघड वाटतं. बदलीचं पत्र येतं, कधी मराठवाड्यातल्या वसतिगृहात, कधी आसामात, आणि काम तिच्या आवडीचं असेलच असं नाही. नर्सिंग शिकलेल्या मुलीला हिशेब सांभाळावे लागतात. तरी वरिष्ठांचा शब्द म्हणजे काहीही, असंही नाही. संघाच्या घटनेप्रमाणे दिलेलीच आज्ञा बांधील असते. वरिष्ठांनी तिला मनातलं उघड करायला कुठल्याही प्रकारे भाग पाडायचं नाही, असं संहितेत स्पष्ट आहे. पापनिवेदनासाठी योग्य धर्मगुरू निवडायची मोकळीक तिला आहे. त्यामुळे ‘आमच्या सिस्टर सुपिरियरला मनातलं सगळं सांगावंच लागतं’, ‘दुसऱ्या फादरांकडे पापनिवेदनाला जाऊ देत नाहीत’, असं कधी तिच्या बोलण्यात आलं तर हसून सोडून देऊ नका, मला कळवा. बहुतेक ठिकाणी असं होत नाही. पण जिथे बिघडतं तिथे सुरुवात इथूनच होते, त्यागाच्या नावाखाली बाईला गप्प करण्यापासून.

आई, आता जरा तुझ्याशी. रेश्मा लहानपणी न्यूमोनियाने आजारी होती तेव्हा तू नवस बोललीस, ‘बरी झाली तर देवाला देईन.’ हे तू तिला सांगू नकोस असं मी म्हणत नाही, तिला माहीतच आहे. पण संहितेत एक साधं वाक्य आहे: नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. तुझा नवस तिच्यावर नाही. जबरदस्तीने, गंभीर भीतीपोटी किंवा फसवून घेतलेली व्रतं धरलीच जात नाहीत. नोव्हिशिएटमध्ये तिला कधीही निघता येतं, कारण द्यावं लागत नाही. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की ती सरळ घरी येऊ शकते. कायमच्या व्रतांनंतर मात्र सूट मागावी लागते, बिशपांच्या अखत्यारीतला संघ असेल तर बिशपांकडे, पोपमहोदयांच्या अखत्यारीतला असेल तर रोमकडे. बाहेर पडणाऱ्या सिस्टरला केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. संघाने न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच संहिता म्हणते, आणि प्रेमाची रक्कम ठरलेली नसते. म्हणून तिचं जुनं बचत खातं आणि एलआयसीची पॉलिसी मोडू नका. पहिली व्रतं होईपर्यंत घरच्या मेडिक्लेममधून तिचं नावही काढू नका. संघ आजारपणाचा खर्च कधीपासून उचलतो ते विचारा.

आली परत तर वाडीत लोक बोलतील. बोलू दे. विचार न करता कायमची व्रतं घेणारीपेक्षा, सहा वर्षं विचार करून ‘हे माझं नाही’ म्हणणारी मुलगी मला बरी वाटते.

राहिला तुमच्या म्हातारपणाचा प्रश्न. तो तुम्ही विचारला नाहीत, पण बाबा, तुमच्या मनात आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा. ते उपदेशात नेहमी येतं. मार्कचा सातवा अध्याय तेवढा येत नाही. तिथे, आई-बापांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं’ असं सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलं आहे. जुन्या संहितेत तर नियमच होता की आई-वडील किंवा आजी-आजोबा खरोखरच हलाखीत असतील आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर असेल, तर अशा माणसाला संघात घेऊ नये. नव्या संहितेत तो नियम शब्दशः नाही, पण चौकशीत हा प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवा. तुमच्या बाबतीत तशी वेळ नाही, दादा घरी आहे, मी तासाभरावर आहे. औषधांचा आणि दवाखान्याचा भार आम्ही दोघं वाटून घेतो, हे मी त्याच्याशी बोलून ठरवते. पुढे कधी फारच गरज पडली तर कायमची व्रतं घेतलेल्या सिस्टरलाही वरिष्ठांच्या परवानगीने एक वर्षापर्यंत मठाबाहेर राहता येतं. आई-वडिलांची शुश्रूषा हे त्यासाठी मान्य होणारं कारण आहे. हेही पहिल्या भेटीतच विचारा: ‘आम्ही अंथरुणाला खिळलो तर हिला किती दिवस सोडाल?’ लाजू नका. चांगला संघ ह्या प्रश्नावर नाराज होत नाही.

ह्या आठवड्यात एवढं करा. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातून तिचा बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा नवा दाखला काढा. घरातल्या पिशवीतला जुना नको, ती अविवाहित आहे हेही त्यावरून तपासतात. लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नावासमोर समासात नोंद होते, तशीच कायमच्या व्रतांचीही होते. म्हणून क्लार्कला वही उघडून समास पाहायला सांगा आणि नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून घ्या. तिचं शैक्षणिक कर्ज किती उरलंय ते बँकेतून लेखी आणा. फेडता न येणारं कर्ज असलेल्या मुलीला संघ घेत नाही. शिवाय ते फिटलं नाही तर जामीनदार म्हणून बाबांच्याच दारात बँक येईल. माझ्या अंदाजाने थोडेच हप्ते उरले असतील, ते मी भरते.

मृत्युपत्राचा कच्चा मसुदा पुढच्या रविवारी मिस्सेनंतर घेऊन येते. साक्षीदार म्हणून दादाला किंवा वहिनीला बसवू नका. ज्याला किंवा ज्याच्या बायकोला-नवऱ्याला मिळकत मिळणार आहे तो साक्षीदार असेल, तर तो हिस्सा बाद होतो. शेजारचे दोघे सांगून ठेवा.

तुमची,
मोठी