पोकर रूममध्ये डीलर हसतमुख नसला तरी चालेल, कामात पक्का हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅसिनोबद्दल पेपरात काही आलं तर ते एकतर व्यसनाबद्दल असतं नाहीतर लायसन्स आणि टॅक्सबद्दल, आणि ते यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण पोकर रूममध्ये पैसे देऊन बसणारा माणूस शेवटी एक ग्राहक असतो आणि त्याला तिथे कसली सर्व्हिस मिळते यावर कोणीच काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ज्यांना जुगार या विषयाचाच राग आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बाहेरच्या लोकांचा इथेच घोळ होतो. रूलेट किंवा ब्लॅकजॅकला तुम्ही कॅसिनोच्या विरुद्ध खेळता, तुम्ही हरलात की पैसे कॅसिनोचे. पोकरमध्ये तसं नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि कॅसिनो फक्त टेबल चालवायचे पैसे घेतो, म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात मध्ये जमलेल्या पैशांतून) थोडा कट, ज्याला रेक म्हणतात, नाहीतर दर अर्ध्या तासाला बसण्याची ठरलेली फी. मग हे पैसे आपण नक्की कशाचे देतो? एसीचे, सोफ्याचे आणि फुकट कॉफीचे तर नक्कीच नाही. पत्ते नीट पिसले जावेत, बरोबर वाटले जावेत, पॉटचा हिशोब चोख असावा आणि भांडण झालं तर कोणीतरी डोकं ठिकाणावर ठेवून निकाल द्यावा, याचे. म्हणजे पत्ते वाटणारा डीलर आणि त्याच्या वरचा फ्लोअर मॅनेजर हीच ती सर्व्हिस, बाकी सगळी सजावट.

आणि नेमकं हेच कच्चं असतं बऱ्याच ठिकाणी.

साइड पॉटचंच घ्या. तिघे ऑल-इन झालेत, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स लावून बसलेत, एकाचे 1000, दुसऱ्याचे 2500, तिसऱ्याचे 4000. मेन पॉट 3000 चा, त्यावर तिघांचा हक्क. मग दुसऱ्या-तिसऱ्याचे प्रत्येकी 1500 मिळून 3000 चा साइड पॉट, त्यात पहिल्याचा काही संबंध नाही, आणि तिसऱ्याचे उरलेले 1500 त्याला लगेच परत. शाळेतलं गणित आहे हो हे. पण नवीन डीलर सगळ्या चिप्स मध्ये एकत्र ओढतो, मग कोणी किती टाकले यावर टेबलावरचे सगळे एकदम बोलायला लागतात आणि जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचा आकडा खरा ठरतो. ओमाहा हा पोकरचा प्रकार असेल तर अजून मजा. त्यात हातात चार पत्ते असतात पण वापरायचे बरोबर दोनच, आणि बोर्डवरचे, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये उघडलेल्यांतले, तीन. बोर्डवर चार बदाम आलेत आणि एकाच्या हातात बदामचा एकटा एक्का आहे तर त्याचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) होत नाही, पण होल्डेमची, म्हणजे हातातला एकच पत्ता वापरला तरी चालतो त्या प्रकाराची, सवय झालेला डीलर तो फ्लश वाचून मोकळा होतो. मी असा पॉट चुकीच्या माणसाकडे सरकताना पाहिलाय, आणि ज्याचा हात खरा मोठा होता तो नवखा होता, गप्प बसला. मीच बोललो तेव्हा थांबलं. टेबलावर उघडे ठेवलेले पत्ते बोलतात, तोंडाने काय सांगितलं त्याला किंमत नाही, हा पोकरचा मूळ नियम, पण ते पत्ते वाचायचं काम डीलरचं ना, का बाजूला बसलेल्या माझं?

यात वेळेलाही फार महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी पुढच्या हाताचे (डावाचे) पत्ते पिसायला सुरुवात झाली, किंवा शफल मशीनचं बटण दाबलं, की मागच्या हाताबद्दल तक्रार करायचा हक्क संपतो. म्हणजे घाईघाईत पॉट सरकवून पत्ते गोळा करणारा डीलर नुसता चुकत नाही, चूक दुरुस्त करायचा रस्ताही बंद करतो. तसंच डीलरच्या अगदी शेजारच्या सीटवर बसलेल्याचे खेळात असलेले पत्ते चुकून ओढून मकमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, टाकणं. त्यावर खेळाडूलाच सांगतात की तुम्ही पत्त्यांवर चिप ठेवायला हवी होती, हात सांभाळणं तुमची जबाबदारी. नियम तसाच आहे, मान्य. पण मग दहातल्या दोन सीटवर बसणाऱ्यांनी डीलरपासूनही सावध राहायचं आणि वर रेकही द्यायचा, हे जरा अतीच नाही का?

सगळ्यांची बेट पूर्ण व्हायच्या आधीच फ्लॉप (बोर्डवरचे पहिले तीन पत्ते) उघडला तर ते तीन पत्ते परत गड्डीत जातात, पुन्हा पिसून नवीन फ्लॉप येतो. ज्याचं तिकडे ट्रिपल (एकाच आकड्याचे तीन पत्ते) लागलेलं असतं त्याचा चेहरा बघवत नाही तेव्हा. इथे डीलरने शांतपणे डाव थांबवून फ्लोअरला (फ्लोअर मॅनेजरला) हाक मारायची असते, बस एवढंच. पण चूक झाली हे दिसू नये म्हणून स्वतःच काहीतरी जुळवाजुळव करणारे डीलर असतात आणि माझ्या मते सगळ्यात वाईट डीलर तो. हळू डीलर चालतो, नवीन डीलरही चालतो, लपवणारा नाही चालत.

फ्लोअरबद्दल बोलायचं तर निम्म्या वेळा फ्लोअर येतो तोच मुळी उशिरा, येतो तेव्हा हातात वेटिंग लिस्ट, कानाला फोन, आणि निकाल देतो तो ओळखीचा खेळाडू कोण हे बघून. एकाने न बोलता एकच मोठ्या किमतीची चिप पुढे टाकली तर तो कॉल (आधीच्या बेटएवढीच बेट), रेज (बेट वाढवणं) नाही, हे जवळजवळ सगळीकडे ठरलेलं आहे. तरी एकाच रूममध्ये संध्याकाळी एक निकाल आणि शिफ्ट बदलल्यावर दुसरा निकाल, हे मी अनुभवलंय. टूर्नामेंटसाठी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन 2001 पासून आहे, त्यांचे नियम लेखी आहेत, कोणालाही वाचता येतात. कॅश गेमला मात्र ज्या त्या रूमचे हाउस रूल्स, आणि ते कुठे लिहिलेत असं विचारलं की काउंटरवरची मुलगी मॅनेजरकडे बघते, मॅनेजर छताकडे.

आता दोष कोणाचा? मी डीलर पोरापोरींवर चिडलेलो नाही. ब्लॅकजॅकवरून उचलून आणून थोडंसं शिकवून पोकर टेबलावर बसवलेलं असतं त्यांना. तिकडे ठरलेल्या रेषेत पत्ते वाटायचे आणि पेमेंट करायचं एवढंच काम, इकडे नऊ-दहा माणसांच्या बेट, कोणाची पाळी, कोणी किती टाकले, कोणी पाळी सोडून आधीच बोलला हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं. अंपायरला चालू मॅचमध्ये नियम शिकायला लावल्यासारखं आहे ते. अर्ध्या-अर्ध्या तासाने टेबल बदलत राहतात, ब्रेक नावापुरता, मोठी टूर्नामेंट सिरीज असली की तात्पुरती भरती. आणि मॅनेजमेंट त्यांना शिकवते काय तर वेलकम सर, गुड लक सर, हसून बोला. पत्ते वाटताना इतके वर उचलतात की पहिल्या सीटवाल्याला दुसऱ्याची राणी दिसते, पण हसतात छान.

मॅनेजमेंटला एकच आकडा समजतो, तासाला किती हात झाले. तोही रेक असेल तिथेच. जिथे वेळेवर फी आहे तिथे डीलर रेंगाळला तर कॅसिनोचं काहीच जात नाही, तेवढीच फी भरून आपल्याला तासाला तीसच्या ऐवजी वीस हात मिळतात, नुकसान फक्त आपलं. अशा रूममध्ये समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत पत्ते वाटणारा डीलर कोणाला खटकत नाही यात नवल नाही.

आपल्या खेळाडू मंडळींचंही सांगायला हवं. रिव्हरला (बोर्डवरच्या शेवटच्या पत्त्याला) वाईट पत्ता आला म्हणून डीलरच्या अंगावर पत्ते फेकणारे, घाणेरडं बोलणारे लोक आहेत आणि ते मोठं खेळणारे असले की फ्लोअर ऐकू न आल्यासारखं करतो. पत्ता डीलर ठरवत नाही, पिसलेली गड्डी ठरवते. मुली डीलर असतील तर काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाला एकदा उठवून घरी पाठवा, बाकीचे आपोआप सुधारतील, पण तेवढी हिंमत पाहिजे.

टिपचा मुद्दा राहिला. टिप देतो तो पॉट जिंकणारा. म्हणजे डीलरच्या चुकीमुळे ज्याला पॉट गेला तोच खुश होऊन चिप फेकतो आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. ब्रिटनमध्ये 1968 च्या कायद्याने कॅसिनोतल्या डीलरला टिप घ्यायला बंदी होती, ती पुढे 2005 चा कायदा आल्यावर गेली. बंदी करा असं मी म्हणत नाही, डीलरचं घर त्यावर चालतं बऱ्याच ठिकाणी. पण पगार टिपवर ढकलायचा, ट्रेनिंगचा खर्च वाचवायचा आणि रेक मात्र पूर्ण कापायचा असं तिन्ही एकदम नको. निदान हाउस रूल्स छापून टेबलावर ठेवा, फ्लोअरने दिलेला प्रत्येक निकाल वहीत लिहा म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस तोच निकाल देईल, आणि नवीन डीलरला आधी छोट्या टेबलावर साइड पॉट करायला लावा, मोठ्या गेमला नंतर बसवा. यातल्या कशालाच फारसा खर्च नाही, वहीला तर अजिबातच नाही.

आपला,
एक नियमित वाचक आणि पोकर खेळणारा