एकच रॉड सगळ्याला पुरतो, हे अर्धेच खरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बास हा गोड्या पाण्यातला मासा गळाने गरवण्याच्या छंदाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. नवख्या माणसाने सुरुवातीलाच सात-आठ रॉड गोळा करत बसू नये, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र सात फुटी मीडियम हेवी (मध्यमाहून थोडा ताठ) रॉड आणि वेगवान रीळ (दोरी गुंडाळण्याचे चाक) घेतले की सगळे काम भागते, असे जे विधान त्यांनी पुढे केले आहे, तेवढ्याच भरवशावर एखादा वाचक खरेदीला निघाला, तर त्याची फसगत होण्याचा संभव आहे. माझी तशी झाली होती, म्हणून हे पत्र.

लेखात ‘पॉवर’ आणि ‘अ‍ॅक्शन’ हे दोन शब्द एकाच अर्थाने आले आहेत आणि घोळाला सुरुवात तिथूनच होते. रॉड वाकवायला किती जोर लागतो, ती त्याची पॉवर. आणि तो कुठे वाकतो, ती त्याची अ‍ॅक्शन. फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड मुख्यतः टोकाकडे वाकतो आणि लगेच सरळ होतो, त्यामुळे जिगचा (जड डोक्याच्या आमिषाचा) किंवा रबरी किड्यात खोचलेला जाड एकेरी गळ माशाच्या जबड्यात रुतवण्यासाठी जो झटका द्यावा लागतो, तो क्षणात पोहोचतो. मॉडरेट अ‍ॅक्शनचा रॉड जवळजवळ निम्म्यापर्यंत वाकत जातो आणि माशाच्या हिसक्यांबरोबर लवतो. क्रँकबेटला (ओढले की पाण्यात खाली जाणाऱ्या, माशासारख्या कडक आमिषाला) लटकणारे बारीक तिहेरी गळ मासा उसळला की निसटू नयेत, यासाठी ही लवचीकताच उपयोगी पडते. शिवाय ‘मीडियम हेवी’ या शब्दाचे सर्व उत्पादकांनी पाळावे असे एकच मोजमाप नाही, आणि एकाचा मीडियम हेवी दुसऱ्याच्या हेवीइतका ताठ निघू शकतो. म्हणून त्या शब्दावर विसंबण्यापेक्षा मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेले आमिषाचे वजन आणि दोरीची ताकद वाचावी. खरी माहिती त्या दोन आकड्यांत असते.

मी ते आकडे वाचले नव्हते. पहिल्या खरेदीच्या वेळी ‘हाच रॉड घ्या, पुढे दुसरा लागणारच नाही’ असे मला सांगण्यात आले आणि मी साडेसात फुटी हेवी रॉड व ८:१ गिअरचे बेटकास्टर रीळ (फेकताना ज्याची दोरीची फिरकी स्वतः फिरते ते) घेऊन मोकळा झालो. त्यावर मी सात ग्रॅमचे आमिष लावून फेकू लागलो. ते दहा-बारा पावलांवर टपकायचे आणि रिळावर दोरीचा असा गुंता व्हायचा की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जायची. दोष हाताचा आहे असे मी कितीतरी दिवस समजत होतो. वस्तुतः तो रॉड वीस-बावीस ग्रॅमच्या खालच्या वजनाने वाकतच नव्हता, आणि जो रॉड वाकत नाही तो फेकणारही नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुगुणी रॉड म्हणजे सगळे काही करणारा रॉड नव्हे. ज्याची उणीव दोरी बदलून भरून काढता येते, तो बहुगुणी. रॉड एकदा घेतला की त्याचा स्वभाव बदलत नाही, पण दोरी तासाभरात बदलता येते आणि संपूर्ण संचात तीच सर्वांत स्वस्त असते. सात फुटी, सुमारे १० ते २८ ग्रॅम आमिष पेलणारा, फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड मध्यावर उभा असतो असे समजा. त्यावर १५ पौंडांची (म्हणजे तेवढी ओढ सोसणारी) फ्लुरोकार्बन या प्लास्टिकची दोरी भरली, तर ती पाण्यात बुडते, तळावरचा स्पर्श हातापर्यंत आणते आणि जिग व टेक्सास रिगला (गळाचे टोक रबरी किड्यात लपवलेल्या मांडणीला) उत्तम साथ देते. त्याच रॉडवर मोनोफिलामेंट, म्हणजे ज्याला आपण तंगूस म्हणतो ती दोरी भरली, तर तिच्या ताणामुळे तो ताठ रॉड मवाळ वाटू लागतो आणि क्रँकबेटचे तिहेरी गळही बऱ्यापैकी टिकतात. शिवाय ती फ्लुरोकार्बनसारखी चटकन बुडत नसल्याने पृष्ठभागावरच्या आमिषांचे तोंड खाली ओढले जात नाही. ही ताकावर दुधाची तहान भागवण्यातली गत आहे हे मला ठाऊक आहे, पण भागते. दाट पाणवनस्पतींत जायचे असेल, तर ५० पौंडांची ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी भरावी. ती जवळपास ताणत नाही आणि देठ कापत बाहेर येते. मात्र ब्रेड भरताना रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीवर) आधी तंगुसाचे काही वेढे घ्यावेत, नाहीतर संपूर्ण दोरी स्पूलवर जागच्या जागी घसरत राहते आणि माशाने ओढले की ड्रॅग (जोराच्या ओढीला दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक) बिघडला असे वाटते.

हे सगळे करूनही एक जागा अशी उरते, जिथे हा रॉड हात टेकतो, आणि लेखात तिचा उल्लेख नाही. पाणी नितळ असेल, मासा बुजरा झाला असेल आणि तीन ते सात ग्रॅमचे ड्रॉप शॉट (खाली वजन आणि त्याच्या वर गळ) किंवा तसलेच हलके आमिष टाकायचे असेल, तेव्हा बेटकास्टर जवळजवळ निरुपयोगी ठरते. कारण साधे आहे. त्या रिळात फेकताना स्पूल फिरवण्याचे काम आमिषालाच करावे लागते आणि हलक्या आमिषात तेवढा जोर नसतो. जोर लावून फेकले, तर आमिष हवेत मंदावते, स्पूल मात्र गतीत फिरत राहतो आणि सुटलेली पण न गेलेली दोरी जागीच गुंतते. चुंबकाचे किंवा केंद्रोत्सारी ब्रेक हा गुंता कमी करतात, पण स्पूलला फिरवणारे बळ ते कुठून आणणार? स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल स्थिर असतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेढ्यावेढ्याने सुटते, म्हणून हलके आमिषही दूर जाते. तेव्हा माझ्या मते संच दोन हवेत, एक नव्हे. दुसरा संच म्हणजे सुमारे सात फुटी, मीडियम पॉवर आणि फास्ट अ‍ॅक्शनचा स्पिनिंग रॉड, त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचे रीळ, १० पौंडांची ब्रेड आणि पुढे ८ पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा दोन-तीन हातांचा तुकडा. यात एकच पथ्य आहे. आमिष पाण्यात पडल्यावर बेल (दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान) हाताने बंद करावी आणि दोरी ताणून घ्यावी, म्हणजे सैल वेढे स्पूलवर चढत नाहीत. नवख्याने याच संचापासून सुरुवात करावी, असे मी तरी सांगेन.

रिळांच्या बाबतीत लेखकाने ८:१ ची शिफारस केली आहे, ती मला पटली नाही. रिळाच्या मुठीच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो, एवढेच हा आकडा सांगतो. दोरी किती गोळा होते, हे स्पूलच्या घेरावर आणि त्यावर किती दोरी भरली आहे यावरही ठरते. भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलीमीटर असेल, तर ७.१:१ गिअरला एका फेऱ्यात सुमारे ७६ सेंटीमीटर दोरी येते. तीच दोरी निम्मी बाहेर गेल्याने व्यास २६ मिलीमीटरवर आला, तर ५८ सेंटीमीटरच येते. मासा आपल्याच दिशेने धावत सुटला की वेगवान गिअर कामाला येतो, हे खरे. पण खोल बुडणारे क्रँकबेट ओढताना त्याच गिअरने मनगट तासाभरात दुखू लागते. ६.३ ते ७.१ यांच्या दरम्यानचे रीळ हळू फिरवता येते आणि वेळ आली की वेगही देते, म्हणून पहिल्या रिळासाठी तेच बरे. बेअरिंगांची संख्या मोजत बसू नये. चार चांगली बेअरिंग दहा सुमार बेअरिंगांपेक्षा अधिक काळ टिकतात.

ड्रॅगच्या आकड्याचेही तसेच आहे. १० किलो ड्रॅग अशी जाहिरात असली, तरी तेवढ्याची गरज पडत नाही. लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) बासचा जागतिक विक्रमच मुळी सुमारे १०.१ किलोचा आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या माशाची बरोबरी होण्यासाठी २००९ साल उजाडावे लागले, तेव्हा जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांना तसा मासा मिळाला. आपल्या-तुपल्या गळाला लागणारा बास बहुधा किलो-दोन किलोचा असतो. १२ पौंडांची दोरी साडेपाच किलोच्या आसपास तुटते आणि ड्रॅग तिच्या पाव ते एक तृतीयांश ताकदीवर ठेवायचा असतो, म्हणजे दीड-पावणेदोन किलोवर. त्या पट्ट्यात ड्रॅग अडखळत न सुटता एकसारखा सुटतो का, हे हाताने दोरी ओढून पाहावे. छापील कमाल आकड्यापेक्षा ही परीक्षा मोलाची आहे.

खर्चाला मर्यादा असेल, तर रॉड आधी चांगला घ्यावा आणि बेटकास्टरचे रीळ मध्यम प्रतीचे चालवून घ्यावे, कारण माशाचा स्पर्श आधी रॉडमधूनच कळतो. स्पिनिंगच्या संचात मात्र बारीक दोरी सांभाळायची असल्याने रिळाचा ड्रॅगही तितकाच चांगला हवा.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात सुचवलेल्या प्रत्येक रॉडच्या नावापुढे तो किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतचे आमिष पेलतो, एवढा एक आकडा छापावा, ही लेखकांना आणि आपल्याला विनंती.

आपला नम्र,
एक गरवणारा वाचक