ऑक्सिजनचा मास्क दिसला म्हणजे पेशंट सिरीयस नव्हे

मा. संपादक,

ऑपरेशननंतर ऑक्सिजन लावलेला दिसला की वॉर्डाबाहेर ‘सिरीयस हाय काय?’ सुरू होतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. आडवं झोपल्यानं आणि पूर्ण भुलीनं स्नायू सैलावतात, श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) वर सरकतं, श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा घटते. पाठीकडचे वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) मिटतात आणि तिथलं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढं जातं. म्हणून भुलीआधी ३ मिनिटं घट्ट मास्कनं शुद्ध ऑक्सिजन देतात. फुप्फुसात तो साठा नसताना श्वास थांबला, तर निरोगी माणसाच्याही रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी एक-दोन मिनिटांत ९० टक्क्यांखाली येते. स्थूल पेशंटचा साठा तर फार लवकर संपतो.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर हे कोश काही दिवस मिटलेले राहू शकतात, म्हणून नंतरही मास्क दिसतो. ‘हलू नको, टाके तुटतील’ हा नातेवाइकांचा सल्ला इथंच नडतो. डॉक्टरांची मनाई नसेल तर उशाकडची बाजू ३० अंश उचला, जागेपणी तासाला दहा खोल श्वास, जखमेवर उशी दाबून खोकला. दुखत असेल तर वेदनाशामक मागा. दुखण्यानं श्वास वरवरचा होतो. बिडी-सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद. आणि गडद नेलपॉलिश पुसून या, ऑक्सिजन मोजणारं बोटावरचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं.

– एक भूलतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर