सॅन क्लेमेंतेत वीस मिनिटे, दुकानात दीड तास

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही वसईकर गटाने रोमला जाऊन आलो. माहितीपत्रकात ‘आद्य ख्रिस्ती वारसा’ असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात सॅन क्लेमेंते या जुन्या चर्चला वीस मिनिटे आणि चामड्याच्या दुकानात दीड तास! वर १२व्या शतकातले चर्च, जिना उतरला की चौथ्या शतकातले, त्याखाली रोमन घर आणि मिथ्र देवाचे देऊळ. अगदी तळाशी पाणी खळखळते. ते कान देऊन ऐकत होतो, तोच वरून हाक, “काका, बस सुटतेय!” सॅन कॅलिस्तोची भुयारी थडगी तर बसच्या काचेतून दाखवली. जमिनीखालची, रस्त्यावरून! सहल कंपन्यांनी कुठे किती मिनिटे मिळणार, ते पैसे घेण्याआधी लिहून द्यावे. जिने उतरायला माझे गुडघे अजून शाबूत आहेत.

– एक वाचक, वसई