विमान संग्रहालयाचा आराखडा आतून आखावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विमान संग्रहालयाचा आराखडा म्हटला की चर्चा होते ती बहुधा बाहेरून दिसणाऱ्या इमारतीची. छताला पंखांचा आकार आणि दर्शनी बाजूला काच, एवढे ठरले की चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते. लॉस एंजेलिस येथे वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी १९८४ मध्ये तेथील विमान संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवरच एफ-१०४ हे लढाऊ विमान बसवले आणि ते गाजलेही. तरीही अशा वास्तूचा कस लागतो तो आत, आणि तोही विमान आत न्यायचे कसे, या साध्या प्रश्नापासून.

इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेले अमेरिकन एअर म्युझियम १९९७ मध्ये खुले झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला वास्तुकलेसाठीचे ब्रिटनमधील स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. तेथे छताचे माप ठरले ते बी-५२ या बॉम्बफेकी विमानावरून. त्याच्या पंखांचा विस्तार ५६ मीटरच्या वर असल्याने मध्ये एकही खांब न घेता सुमारे ९० मीटरचे काँक्रीटचे कवच घातले गेले. प्रेक्षक मधल्या उंचीवर आत येतो, त्यामुळे त्या अवाढव्य यंत्राचे नाक थेट त्याच्या डोळ्यांसमोर येते. धावपट्टीकडची काचेची भिंत मात्र विमान हलवायचे झाल्यास उतरवावी लागते. माझ्या मते ही या देखण्या इमारतीची उणी बाजू होय. हँगरचे सरकते दरवाजे ओबडधोबड दिसतात खरे, पण विमान दुरुस्तीसाठी बाहेर काढणे त्यांनी सोपे होते.

विमाने टांगायची असतील, तर तो भार छताच्या कैच्यांच्या (छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटींच्या) गणितात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी केंद्रात (२००३ मध्ये खुले झालेले विमान संग्रहालय) टांगलेल्या विमानांच्या उंचीवरून पादचारी मार्ग नेले आहेत. जमिनीवरून वर पाहणाऱ्याला केवळ विमानाचे पोट दिसते. पंखांची वरची बाजू, रिव्हेटांच्या रांगा आणि वैमानिकाचा कक्ष या मार्गांवरूनच नजरेस पडतो.

सर्वांत दुर्लक्षित विषय उजेडाचा आहे. आरंभीची विमाने म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले, रोगण दिलेले कापड. अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते. संग्रहालयांत नाजूक कापडासाठी साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) एवढा प्रकाश पुरेसा मानतात, आणि काचेतून येणारे ऊन त्याच्या कित्येक पटींनी प्रखर असते. म्हणून काचेचे दालन धातूच्या विमानांना द्यावे आणि कापडी विमाने आतल्या बंद दालनात ठेवावीत.

जमिनीकडेही पाहावे. जुन्या पिस्टन इंजिनांतून तेल ठिबकत राहते आणि त्याखाली पत्र्याचे तबक ठेवावे लागते; वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या विमानाचे टायर चपटे होतात, म्हणून त्याचे वजन टेकूंवर घेतात. एका टेकूवर एकवटणारा हा भार पेलणारी जमीन नंतर घालता येत नाही.

तेव्हा वास्तुविशारदांकडून आराखडे मागवताना दर्शनी चित्राच्या आधी इमारतीचा उभा छेद (इमारत उभी कापल्यास आतून कशी दिसेल, याचे चित्र) आणि तळमजल्याचा नकाशा मागवावा, आणि संग्रहातील सर्वांत मोठे विमान कोणत्या दाराने आत येईल व कुठे वळेल, हे त्यांवर मापासह काढून दाखवण्याची अट घालावी.

आपला,
एक वाचक