सांत्वनसभेत रडायलाही जागा हवी

संपादक महोदय,

2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमींत कबरी धुतल्या जातात, फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. तिथं डोळ्यांत पाणी आलं तर कुणी काही म्हणत नाही. दफनानंतर घरी भरणाऱ्या सांत्वनसभेत मात्र नवरा गेलेल्या बाईला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘रडू नका, ते प्रभूजवळ आहेत.’

आधार दिला जातो बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा, 4:13. ते लिहिणारा प्रेषित पौल तिथं दुःख करू नका म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखं करू नका म्हणतो. अर्धं वाक्य गाळलं, की सांत्वनाचा दम होतो. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. मोशे या आपल्या पुढाऱ्यासाठी इस्राएल लोकांनी तीस दिवस शोक केला. आपल्याकडे आठवड्याच्या आत ‘आता सावरा’ सुरू होतं. दाबलेलं रडू मग झोप उडणं, छातीवर दडपण, पोरांवर उगाच खेकसणं अशा वाटांनी बाहेर येतं, आणि त्यालाही ‘विश्वास कमी पडला’ म्हणतात!

विलाप कसा करावा, हे बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 सहा वचनांत शिकवतं. पहिल्या दोन वचनांत देवालाच जाब: ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. शोक करणाऱ्याने वहीत याच क्रमाने आपल्या शब्दांत लिहावं. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, पुरे. गेलेल्या माणसाचं नाव लिहावं. ‘ते’, ‘ती घटना’ असं आडून नको. हमखास चुकतं ते इथं: पाळक (चर्चचे धर्मगुरू) किंवा नातेवाईक त्याला थेट पाचव्या वचनावर नेतात. जाब विचारून झालेला नसताना म्हटलेला भरवसा नुसता तोंडदेखला राहतो. कित्येक आठवडे वही दुसऱ्या वचनावरच अडली तरी अडू द्यावी. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

भेटायला जाणाऱ्यांसाठी बायबलमधल्या ईयोबाचे, मुलंबाळं आणि सारं काही गमावलेल्या माणसाचे, मित्र धडा म्हणून पुरेसे आहेत. सात दिवस, सात रात्री ते गप्प बसले, तोवर ठीक होतं. देवाच्या वतीने कारणं सांगू लागले आणि बिघडलं. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डबे थांबतात, फोन थांबतात. तेव्हा जावं, अर्धा तास बसावं, ‘काही लागलं तर सांगा’ऐवजी ‘शनिवारी रेशन आणून देऊ का?’ असं विचारावं. पहिला नाताळ आणि वर्षश्राद्धासारखा वर्षाचा दिवस आपल्याही कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

मात्र सगळंच शोकावर सोपवू नये. सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल, रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. प्रार्थना आणि गोळ्या एकत्र चालतात. जगणं नकोसं झाल्याची भाषा ऐकली तर त्याच दिवशी मदत घ्यावी, माणसाला एकटं सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मंडळ्यांना (चर्चना) एवढीच विनंती: येत्या 2 नोव्हेंबरला दफनभूमीत स्तोत्र 88 शेवटपर्यंत वाचा, आणि त्यानंतर दोन मिनिटं कुणीही काही बोलू नका.

– शोकसमुपदेशन करणारे काही कार्यकर्ते, पुणे